घडी आणि कूस: खरी पैठणी ओळखणं आणि तिच्यासाठी सागवानी पेटी करवून घेणं

कापड मधोमध सहसा फाटत नाही. ते घडीवर चिरतं किंवा काठ पोताला, म्हणजे साडीच्या मधल्या अंगाला, जोडलेला असतो तिथे सुटतं. लाकडी वस्तूचंही तसंच आहे. फळी वर्षानुवर्षं टिकते, आधी ढिला होतो तो सांधा. पेशव्यांच्या काळात पैठणहून मागवली जाणारी वस्त्रं आणि त्याच काळातल्या वाड्यांमधलं सागवान, दोन्ही अजून पाहायला मिळतात. त्याचं निम्मं श्रेय मालाला आणि निम्मं सांध्याला आहे. म्हणून पैठणी घेताना आणि लाकडाचं काम करवून घेताना नक्षीच्या आधी जोड पाहायला शिकावं.

आपल्याकडच्या राजेशाही दिवाणखान्यात फर्निचर फार नसायचंच. गादी, लोड, तक्क्ये, एखादा चौरंग, एक झोपाळा आणि कपड्यांचे पेटारे. सोफ्यांचा सेट नंतर आला. त्यामुळे वारशाच्या साडीला शोभेल आणि उपयोगीही पडेल अशी एकच लाकडी वस्तू करायची असेल, तर पेटी करावी. खाली आधी साडीची पारख आणि मग त्याच साडीच्या मापाची पेटी असा क्रम ठेवला आहे.

पदर उलटा करा

दुकानात पैठणी समोर पसरली की पहिल्यांदा पदर उलटा करायला सांगा. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, कारण मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे छोट्या रिळावर, गुंडाळलेला असतो. विणकर तो धागा त्या रंगाच्या जागेपुरताच नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. एका ओळीत मोराची मान, पंख, वेल मिळून वीस-तीस तिल्ल्या लोंबत असतात. एक ओळ पुरी झाल्याशिवाय धागे दाबणारी फणी ठोकता येत नाही. म्हणून भरगच्च पदराला आठवडेच्या आठवडे लागतात. साध्या साडीला महिनाभर, तर मोठ्या पदराच्या नऊवारीला वर्षही लागू शकतं.

उलट्या बाजूला जवळजवळच्या दोन पाकळ्यांमध्ये एखादा धागा ओलांडलेला दिसला तर हरकत नाही. पण पूर्ण पदरभर लांब लांब आडवे धागे तरंगत असतील, किंवा ते कापून केसाळ कडा राहिल्या असतील, तर नक्षी जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर किंवा यंत्रमागावर उतरवलेली आहे. बाजारात तिला ‘सेमी पैठणी’ म्हणतात. ती नेसायला वाईट नाही, फक्त पैसे सेमीचेच द्यावेत.

पोतातल्या बुट्ट्यांना मात्र हा नियम सरसकट लावू नका. पोतभर बुट्ट्या विणताना अस्सल हातमागावरही जादा धागा वापरतात आणि तो मागे दिसू शकतो. निकाल पदरावर आणि काठावर लावायचा.

आता काठ. अंगठा आणि तर्जनीमध्ये काठ आणि पोत यांचा जोड धरा आणि खिडकीच्या उजेडासमोर न्या. कडियल काठ असेल तर पोताचा आडवा धागा आणि काठाचा आडवा धागा वेगवेगळ्या धोट्यांतून (धोटा म्हणजे आडवा धागा नेणारी नळी) आलेले असतात. जोडावर ते एकमेकांत आकडे घालावेत तसे अडकतात आणि मागे वळतात. सराफाच्या भिंगाखाली ही रेष सरळ दिसत नाही, बारीक दातेरी दिसते. उजेड आरपार येणारी भोकं तिथे दिसता कामा नयेत. बोटाने हलकं ताणलं तर जोड उघडू नये. पाच-सहा ठिकाणी असंच पाहा. विशेषतः पदर सुरू होतो तो कोपरा चुकवू नका, कारण तिथे धागे बदलतात आणि घाईचं काम तिथेच सापडतं.

जोडावर दाते नाहीत आणि पोताचा आडवा धागा सरळ काठात शिरतो आहे, असं दिसलं तरी साडी लगेच खोटी ठरवू नका. एकधोटी पैठणीत एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तिचा नारळी काठ आणि साध्या बुट्ट्या अस्सलच असतात, मेहनत कमी म्हणून किंमतही कमी. फसवणूक होते ती एकधोटी दाखवून कडियलचे पैसे घेतले जातात तेव्हा.

एक प्रश्न जरूर विचारा: पदर किती दिवस मागावर होता? जाणता विक्रेता दिवस सांगतो, नवखा साडीचा दर सांगतो. येवल्यात किंवा पैठणला जाऊन घेणं जमत असेल तर माग चालू असलेल्या घरातच साडी पाहा. तिथे ती अर्धवट विणलेली पाहिली की पुढे दुकानात डोळा आपोआप तयार होतो.

जर

‘जर’ या एकाच शब्दाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. खऱ्या जरीत रेशमी दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तार तांब्याची, वर चांदीचा पातळ थर आणि सोनेरी रंग. तिसरी प्लॅस्टिकची, म्हणजे चमकदार पॉलिस्टर फिल्मची पट्टी. दिव्याखाली तिन्ही सारख्या चमकतात, दहा वर्षांनी मात्र एकीचीही दुसरीशी ओळख लागत नाही.

काठाच्या टोकाला सुटलेला दोन-तीन सेंटिमीटरचा धागा मागून घ्या. नखाने तार उलगडा आणि पटाशीच्या किंवा ब्लेडच्या धारेने खरवडा. खाली पांढरं आलं तर चांदी, लालसर आलं तर तांबं. धागा पेटत्या काडीवर धरला आणि आक्रसून त्याचा गोळा झाला तर प्लॅस्टिक. रेशमाचीही अशीच परीक्षा: जळताना केसांसारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि टणक मणी उरतो. जाळून पाहायची सोय नसेल तर सिल्क मार्कच्या लेबलवरचा कोड स्कॅन करा. पण ते लेबल रेशमाची हमी देतं, जरीची किंवा हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा पाहावा लागतो. महागडी साडी असेल तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र असलेल्या सराफाकडे काठ तपासून घ्या. चांदी आहे की तांबं, हे दोन मिनिटांत कळतं.

खरी जर काळवंडते ती चांदी हवेतल्या गंधकाशी मिसळल्यामुळे. रबरबँड, लोकरी कपडे आणि धूर हे त्याचे नेहमीचे स्रोत. म्हणून पैठणीला रबर लावायचं नाही आणि शालीबरोबर एका पिशवीत ठेवायचं नाही. टेस्टेड जर घामाने काळी-हिरवी पडली की परत येत नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर असले प्रयोग दोन्हींवर करू नका. जर चकाकेल, पण तिच्याखालचं रेशीम कुजायला लागेल.

घडी मोडल्यानंतर

पैठणीची घडी मोडली, म्हणजे ती पहिल्यांदा नेसली, की तिची खरी उस्तवारी सुरू होते. त्याआधीच फॉल लागतो आणि पहिली चूक तिथेच होते. फॉलचं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच लावायला द्यावं, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीनला फॉल आटतो आणि काठाला चुण्या पडतात. टाके हाताचे, सैल आणि रेशमी दोऱ्याचे हवेत. फॉल मशीनवर शिवला तर सुई जरीची तार तोडत जाते.

ज्या पदराच्या मागे तरंगते धागे आहेत त्यालाच जाळी लावायची, म्हणजे बांगड्या त्यात अडकत नाहीत. तिल्लीवर विणलेल्या पदराला जाळीची गरज नसते, उगाच वजन वाढतं.

अत्तर किंवा स्प्रे साडी नेसायच्या आधी अंगाला लावा आणि वाळू द्या. नेसून आल्यावर साडी लगेच घडी करून ठेवू नका. दोन-तीन तास सावलीत, पंख्याखाली, सुती चादरीवर आडवी पसरा. ओला घाम घडीत अडकला तर कंबरेच्या आणि काखेच्या जागी रेशीम पिवळं पडून ठिसूळ होतं. इस्त्री उलट्या बाजूने, सिल्कच्या खुणेवर आणि मध्ये सुती कापड ठेवूनच करा. पाणी शिंपडू नका, रेशमावर त्याचा डाग राहतो.

हँगरवर टांगणं सोयीचं असतं, पण भरजरी पदर जड असतो. महिनोन्महिने लोंबकळला की जिथे तो हँगरवर वाकतो तिथलं पोत विरतं. घडी घालून ठेवणं त्याहून बरं, मात्र एकाच रेषेवर घडी पडत राहिली तर धातूची तार रेशमाला हळूहळू कापते. आजीच्या साड्या उघडल्यावर नेमक्या चौकोनी घड्यांवर चिरलेल्या सापडतात, त्याचं कारण हेच. दर तीन महिन्यांनी घडीची रेषा बदलावी, आणि घडीच्या वळणात सुती कापडाची सुरळी ठेवावी. याहूनही चांगला उपाय म्हणजे घडीच न घालणं आणि साडी नळीवर गुंडाळून ठेवणं. ते घरच्या कपाटात मावत नाही, कारण साडीचा पन्हा पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच असतो. तिथे पेटी कामाला येते.

लाकूड

पेटी सागाचीच का? सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न रुचणारी द्रव्यं असतात, तो फार फुगत-आकसत नाही, आणि हत्याराला नीट वळतो. शिसव सुंदर आहे, पण ही पेटी तिची केली तर उचलणाऱ्याची पाठ धरेल. एक घोळ इथेच मिटवावा: आपली शिसव, म्हणजे जुन्या देव्हाऱ्यांचं जांभळट-काळं लाकूड, आणि उत्तरेकडून येणारं ‘शीशम’ फर्निचर ही दोन वेगळी झाडं आहेत. दुसऱ्याला आपल्याकडे शिसू म्हणतात. तेही चांगलं लाकूड आहे, पण नाव सारखं वाटलं म्हणून शिसवीचा भाव देऊ नका.

सागात चंद्रपूर-गडचिरोलीचा माल नावाजलेला. बल्लारशाच्या लाकूड आगाराचं नाव मिस्त्री लोक आदराने घेतात. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठीही तिथूनच सागवान गेलं. वखारीत ‘सी.पी. साग’ हा शब्द ऐकू येईल, तो मध्य भारतातल्या याच पट्ट्याचा (सी.पी. म्हणजे इंग्रजी काळातला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस). आयात केलेला साग स्वस्त मिळतो. त्यातला बराच कमी वयाच्या लागवडीचा असतो आणि त्यात पांढुरकं लाकूड जास्त.

त्या पांढुरक्या लाकडावरच नजर ठेवायची. फळीच्या कडेला दिसणारा फिकट भाग म्हणजे झाडाचं बाहेरचं लाकूड. त्यात भुंगा शिरतो आणि पेटीखाली पिठासारखा भुगा पडायला लागतो. पॉलिशखाली हा भाग रंगवून लपवता येतो, म्हणून फळ्या पॉलिशआधीच पाहा. बोटभर पांढुरकं असलेली फळी दोन रुपये स्वस्त मिळाली तरी नको. ओळखायला फळीचा एक कोपरा रंधून घ्या: ताजा साग पिवळट-हिरवट दिसतो, उन्हात तपकिरी होत जातो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो.

सगळ्यात उत्तम माल म्हणजे पाडलेल्या वाड्यांचं सागवान. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून आला होता. तसल्या वाशांचे आणि तुळयांचे तुकडे जुन्या लाकडाच्या बाजारात अजून मिळतात. त्यांचं आकसणं केव्हाच संपलेलं असतं. अडचण खिळ्यांची: करवतीवर चढवण्याआधी प्रत्येक तुकडा मेटल डिटेक्टरने तपासून घ्यावा, नाहीतर एका मोडक्या खिळ्यात पातं जातं आणि मिस्त्रीचा दिवसही.

नवं लाकूड किती वाळलंय ते मीटरने पाहा. देशावर दहा ते बारा टक्के ओलावा चालतो, कोकणात बारा ते चौदा. मीटर नसेल तर फळीच्या मधून एक छोटा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ओव्हनमध्ये शंभर-एकशेपाच अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर तासाने परत तोला. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर स्थिरावला तर ओलावा बारा टक्के.

मापं आणि सांधे

बाहेरून पेटी ५८ इंच लांब, २२ इंच रुंद, झाकणासकट १७ इंच उंच. ही बसायच्या बाकाची उंची आहे, त्यामुळे खिडकीखाली किंवा पलंगाच्या पायथ्याशी जागा वाया जात नाही. आत जेमतेम बारा इंच खोली मिळते. तीन इंची नळीवर गुंडाळलेली सहावारी चार इंच जाडीची होते, नऊवारी थोडी जास्त. एका थरात चार नळ्या, वर उचलता येणारा एक ट्रे आणि त्यात आणखी चार. मिस्त्रीला द्यायची यादी:

पाय: ४ नग, २ × २ × १६ इंच
लांब आडव्या पट्ट्या: ४ नग, ३ × १ × ५६½ इंच (कुसा, म्हणजे सांध्यात जाणाऱ्या टोकाच्या जिभा, धरून)
आखूड आडव्या पट्ट्या: ४ नग, ३ × १ × २०½ इंच
पुढच्या-मागच्या बाजूच्या मधल्या उभ्या पट्ट्या: ४ नग, ३ × १ × ९ इंच
बाजूंची पॅनेलं: अर्धा इंच जाड, पुढे ३, मागे ३, कडेला १-१
झाकण: ५९ × २३ इंचांची चौकट, ३ × १ च्या पट्ट्या, मध्ये दोन आडव्या पट्ट्या आणि पाऊण इंच जाडीची ३ पॅनेलं
तळ: पाऊण इंच जाडीच्या फळ्या

हे सगळं मिळून तयार लाकूड सव्वादोन घनफूट भरतं. रंधा आणि कापणीचं नुकसान धरून सव्वातीन घनफूट विकत घ्या. ट्रेचं लाकूड वेगळं. पेटीचं वजन चाळीस किलोच्या आसपास जातं.

आता सांधा. पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, ती कूस, आणि पायात तिच्या मापाचं भोक पाडायचं. एक इंच जाड पट्टीला कूस तिच्या एक तृतीयांश, म्हणजे आठ मिलिमीटर जाड ठेवा. लांबी सव्वा इंच, त्याहून जराही जास्त नको. कारण पायात दोन बाजूंनी दोन कुसा येतात. पट्ट्या पायाच्या बाहेरच्या अंगाशी सपाट लावल्या असतील तर सव्वा इंची कूस दुसरीला जेमतेम चुकवते. दीड इंच केली की त्या आत एकमेकींना भिडतात आणि पट्टी पायाला टेकतच नाही. घाईतला मिस्त्री मग ठोकून बसवतो, आणि पाय उभा चिरतो.

सगळ्यात वरच्या पट्टीची कूस पूर्ण तीन इंच रुंद ठेवू नका, वरून पाऊण इंच कापा. तसं नाही केलं तर पायाचं भोक वरून उघडं पडतं आणि पायाचं डोकं फुटतं.

सांधा आवळायची जुनी युक्ती आजही सगळ्यात पक्की आहे. आधी पायाला आठ मिलिमीटरचं आरपार न जाणारं भोक पाडा, आतल्या कडेपासून बारा मिलिमीटरवर. कूस आत घाला, त्या भोकातून तिच्यावर खूण करा आणि ती बाहेर काढा. कुसेतलं भोक खुणेवर पाडायचं नाही, पट्टीच्या खांद्याकडे एक ते दीड मिलिमीटर सरकवून पाडायचं. आता टोक निमुळतं केलेली वाळल्या बांबूची किंवा सागाची खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि पट्टीला पायाकडे खेचते. सरकवणं दोन मिलिमीटरच्या वर गेलं तर खुंटी मोडते किंवा कूस फाटते. फेव्हिकॉल लावायचा असेल तर सागाचं तेल स्पिरिटच्या फडक्याने पुसून मग लावा. पण खुंटी नीट बसली असेल तर त्याची गरज पडत नाही. शिवाय खुंटी पोखरून काढली की सांधा पन्नास वर्षांनीही उघडता येतो.

पॅनेल मात्र कुठेही चिकटवायचं नाही आणि त्याला खिळाही मारायचा नाही. आठ इंच रुंदीची सागाची फळी एप्रिलच्या कोरडेपणातून जुलैच्या दमटपणात गेली की दोनेक मिलिमीटर फुगते. तिला फुगायला जागा हवी. पट्टीत दहा मिलिमीटर खोल खाच पाडा, पॅनेल सहा-सात मिलिमीटर आत जाऊ द्या, बाकी रिकामी सोडा. पट्टीत शिरणारी पॅनेलची कडा खाचेत सैल फिरली पाहिजे. चिकटवलेलं पॅनेल पहिल्या उन्हाळ्यात मधोमध तडकतं, आणि लोक लाकडाला दोष देतात. कडियल जोडात दोन धागे एकमेकांना धरतात पण चिकटत नाहीत, तोच प्रकार इथे लाकडात आहे. तळाच्या फळ्याही एकीची जीभ दुसरीच्या खाचेत, मध्ये दीड मिलिमीटर फट ठेवून, नुसत्या टेकवायच्या. खालच्या पट्ट्यांना आतून अर्धा इंचाची चिपट्टी मारली की त्या तिच्यावर बसतात.

खुंट्या मारण्याआधी सगळी पेटी कोरडी जोडून पाहा. कर्ण मोजा: दोन्ही कर्णांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर झाकण कधीच नीट बसणार नाही. मिस्त्री गुण्या (काटकोन पाहायचं हत्यार) लावून ‘बरोबर आहे’ म्हणेल, तरी टेप लावा.

झाकण तेरा किलोच्या आसपास भरतं. तीन इंची तीन पितळी बिजागऱ्या लावा आणि झाकण धरणारी साखळी किंवा स्टे विसरू नका, लहान मुलांच्या घरात तर नाहीच. पितळी स्क्रू सागात सरळ पिळले तर डोकं तुटतं. आधी भोक पाडून तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर फिरवून घ्यायचा, मग पितळी बसवायचा. कायमचा लोखंडी नको, दमट हवेत सागाभोवती तो काळे डाग पाडतो.

बाहेर चपडी, आत काही नाही

बाहेरून १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने मारून चपडीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचं, पॉलिश करा. एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडी रात्रभर विरघळवून गाळून घ्या, आणि सुती कापडाच्या पोतेऱ्याने सात-आठ पातळ हात द्या. दोन हातांमध्ये तासभर अंतर ठेवा. दुकानदार मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सुचवतील. ते टणक असतं, पाण्याला दाद देत नाही, हे खरं. पण ओरखडा पडला की सगळी बाजू घासून काढावी लागते. चपडीवर नवा हात जुन्यात विरघळून मिसळतो, म्हणून तेवढीच जागा दुरुस्त होते. तिचं वैर गरम चहाच्या कपाशी आणि सॅनिटायझरशी. झाकणावर मेणाचा एक हात द्या आणि वर गादी टाका.

आतल्या बाजूला पॉलिश, तेल, रंग काहीही नको. उघड्या लाकडाला रेशीम थेट टेकवायचंही नाही, कारण सागाचं तेल कापडावर उतरतं आणि सगळंच लाकूड थोडी आम्लाची वाफ सोडतं. मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून, तळाला आणि चारही बाजूंना अस्तर म्हणून लावा. चिकटवू नका, वेल्क्रोने किंवा नाडीने बांधा, म्हणजे वर्षातून एकदा काढून धुता येतं. पॉलिश झाल्यावर महिनाभर झाकण उघडं ठेवा. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय साड्या ठेवू नका.

गुंडाळायचं कसं

नळी तीन इंच व्यासाची, पन्नास इंच लांब. पुठ्ठ्याची चालेल, पण पुठ्ठ्यातही आम्ल असतं, म्हणून तिच्यावर आधी ॲल्युमिनियम फॉइल आणि त्यावर धुतलेल्या मांजरपाटाचे दोन वेढे घ्या. पीव्हीसीचा पाइप नको.

दोन माणसं लागतात. स्वच्छ चादरीवर साडी पूर्ण उलगडा. अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. पदराच्या विरुद्ध टोकापासून गुंडाळायला सुरुवात करा, म्हणजे जड पदर सगळ्यात बाहेरच्या, मोठ्या वेढ्यावर येतो आणि त्याला कमी वाकावं लागतं. साडीबरोबरच मलमलीचा एक थर आत जाऊ द्या. काठ पोताहून जाड असतो, त्यामुळे दोन्ही कडांना वेढे फुगतात आणि मध्ये साडी सैल पडते. त्यासाठी दर दोन-तीन वेढ्यांनी मधल्या भागात मलमलीची जादा घडी सारा. घट्ट ओढू नका, चुणी राहू देऊ नका. वरून मांजरपाट गुंडाळून रुंद सुती नाडीने तीन ठिकाणी सैल बांधा. रबर नाही, टाचणी नाही. नाडीला कापडी पट्टी शिवून तिच्यावर पेन्सिलीने साडीचं नाव आणि गुंडाळल्याची तारीख लिहा, म्हणजे हवी ती साडी शोधताना बाकीच्या सात उलगडाव्या लागत नाहीत.

डांबराच्या गोळ्या पेटीत नकोतच. लवंग, मिरी किंवा कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. ओला पाला तेलकट डाग पाडतो. सिलिका जेल अर्धा किलो, दोन-तीन कापडी पिशव्यांत, नारिंगी जातीचं. हिरवं झालं की ओव्हनमध्ये एकशेदहा अंशांवर दोन-तीन तास तापवलं की परत कामाला येतं. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान आकडा राहिला की निर्धास्त, सत्तरच्या वर गेला की बुरशीची वेळ आली.

पावसाळ्यात पेटी शक्यतो उघडू नका. कपड्यांना ऊन दाखवायची आपली पद्धत पैठणीला लागू नाही, उन्हाने रंग उडतो. तिला वारा दाखवायचा. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, पडदे ओढलेल्या खोलीत, प्रत्येक साडी दोन तास पसरा, काठाचा जोड बोटाखालून घाला आणि सुटलेला एखादा धागा दिसला तर तो कापू नका. सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या आणि रफू जाणणाऱ्या माणसाकडे न्या. पोतच विरलं असेल तर जुना काठ-पदर उतरवून नव्या पोतावर चढवून देणारे कारागीरही असतात.

त्याच दिवशी पेटीही तपासा. भिंतीपासून दोन इंच अंतर आहे ना, पायाखाली भुगा किंवा मातीची रेघ नाही ना, खुंटीचं डोकं वर आलं आहे का. वर आलेली खुंटी लाकडी हातोड्याने परत बसवा. ढिल्या सांध्यात मात्र खिळा मारू नका. जुन्या घरगुती पेट्यांत सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदाने, जोडलेले असतात. असा सांधा गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून उघडा, जुना सरस खरवडून पूर्ण काढा, आणि मगच नव्याने जोडा. जुन्या सरसावर नवा फेव्हिकॉल धरत नाही.